वर्गात नवी भाषापद्धत कशी रुजते (आणि का रुजत नाही): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही पानं प्राथमिक शाळेतले शिक्षक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आणि शाळांसोबत काम करणाऱ्या संस्थांमधल्या कार्यकर्त्यांसाठी आहेत. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी एकच बदल घेतला आहे: पहिलीत मुळाक्षरं ओळीने शिकवणं थांबवून वर्णगटांनी, म्हणजे एका वेळी मोजकेच वर्ण घेऊन त्यांचे शब्द बनवत, वाचन शिकवणं.

नवकल्पना म्हणायचं तरी कशाला? वर्णगट तर कित्येक वर्षांपासून आहेत.

स्वीकारणाऱ्याला जे नवं वाटतं, ती नवकल्पना. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली नवकल्पनांच्या प्रसाराचा सिद्धान्त मांडला, त्यात हीच व्याख्या आहे. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी वाचनाच्या या वाटेवर अनेक वर्षं काम केलं आहे. पण शेजारच्या तालुक्यातल्या ज्या गुरुजींनी आयुष्यभर ‘अ अननसाचा’ शिकवलं, त्यांच्यासाठी ती आजही नवीच.

या विषयाचं मूळ शेतात आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात २५९ शेतकऱ्यांना संकरित मक्याबद्दल विचारलं आणि १९४३ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांतल्या दोघांनी सोडून सगळ्यांनी ते बियाणं स्वीकारलं होतं. बियाण्याची खबर बहुतेकांना विक्रेत्यांकडून कळली होती, पण ते पेरायला तयार झाले शेजाऱ्याचं शेत पाहून. आपल्याकडे प्रशिक्षण खबर देतं. शेजाऱ्याचं शेत दाखवायची सोय मात्र क्वचितच होते.

वर्णगट पद्धत थोडक्यात सांगाल?

मराठी वर्णमालेत आज ५२ वर्ण धरले जातात. व्यंजनं ३४, आणि प्रत्येकाची बाराखडी केली तर ४०८ अक्षरं. हे सगळं आधी पाठ करायचं म्हटलं तर पहिलं अर्थपूर्ण वाक्य वाचायला मुलाला दिवाळी उलटून जाते, आणि तोवर वाचन म्हणजे अर्थाशी संबंध नसलेलं काहीतरी हे त्याच्या मनात पक्कं बसतं.

वर्णगटात तीन-चार वर्ण आणि एक स्वरचिन्ह एकदम घेतात. समजा पहिल्या गटात क, म, ल आणि काना. एवढ्यावर काका, मामा, काम, माल, काल, लाल, मला, कलम, कला, कमाल असे शब्द होतात. पुढच्या गटात र, न आणि दुसरी वेलांटी आली की ‘मामी, काम करा ना’ हे वाक्य पोर स्वतः वाचतं. ‘ना’वर वर्ग हसतो. ते हसू म्हणजे अर्थ कळल्याची पावती.

गट पाडताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एकसारखी दिसणारी अक्षरं (भ-म, घ-ध, ब-व, प-ष) एका गटात घ्यायची नाहीत; दोघांत निदान तीन-चार आठवड्यांचं अंतर हवं. पहिली वेलांटी उशिरा आणायची, कारण ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. काना आणि दुसरी वेलांटी पक्की होण्याआधी ती आणली की मुलं अडखळतात. आणि ऋ, ङ, ञ, ज्ञ यांची घाई नको. ‘ऋषी’शिवाय मुलाचं काही अडत नाही.

रोजच्या तासात नेमकं काय करायचं?

साधारण एक तास लागतो. पहिली १५ मिनिटं गोष्ट वाचून दाखवणं आणि त्यावर गप्पा. मग १० मिनिटं ध्वनींचे खेळ, तोंडी: ‘काम’मधला पहिला आवाज कोणता, ‘म’ने संपणारे शब्द सांगा. नंतर २० मिनिटं अक्षरकार्डांनी शब्द बनवणं आणि वाचणं, आणि उरलेला वेळ लिहिण्याला, ज्यात मूल चुकीचं का होईना पण स्वतःच्या मनातलं लिहितं.

चार-चार मुलांच्या टोळीला कार्डांचा एक संच पुरतो. गटातल्या प्रत्येक अक्षराची चार कार्डं लागतात, नाहीतर ‘काका’ बनवायला एक आणि ‘मामा’ बनवायला दुसरं मूल थांबून राहतं. कान्याची आणि वेलांटीची वेगळी अरुंद पट्टी करावी. लग्नपत्रिकांच्या जाड पाठकोऱ्या कागदावर मार्करने केलेली कार्डं वर्षभर टिकतात. छापील रंगीत संच आणायची गरज नाही.

जिथे हा तास फसतो तिथे बहुधा पहिली १५ मिनिटं गळालेली असतात. ‘गोष्टीत वेळ जातो’ म्हणून फक्त कार्डं उरतात, आणि काही दिवसांत कार्डांचीही घोकंपट्टी सुरू होते.

एखादी कल्पना पसरेल की नाही हे आधी ओळखता येतं का?

बऱ्यापैकी. रॉजर्स पाच गुण सांगतात: आधीपेक्षा फायदा दिसतो का, आपल्या सवयींशी आणि समजुतींशी जुळतं का, किती किचकट आहे, थोडं करून पाहता येतं का, आणि परिणाम दुसऱ्याला दिसतो का.

वर्णगटांना या फुटपट्ट्या लावून पाहा. फायदा आहे, पण दिसायला सात-आठ आठवडे लागतात. सवयीशी जुळत नाही. आईवडील घरी ‘अ आ इ ई’ म्हणवून घेतात, आणि वर्गात ते कुठेच नसतं. किचकट म्हणावं तर फार नाही. थोडं करून पाहता येतं: एक गट, तीन आठवडे. दिसण्याची बाजू मात्र लंगडी आहे. मूल नवं वाक्य अर्थ लावत वाचतंय हे दारातून डोकावणाऱ्याला कळत नाही, भिंतीवरचे तक्ते मात्र लगेच दिसतात.

पाचवा गुण भाषाशिक्षणात घात करतो तो इथेच. जे डोळ्यांना दिसतं ते पसरतं. ज्याने काम होतं ते बऱ्याचदा मागेच राहतं. या पानांवरच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ हेच आहे.

कुमठे बीटचं पाहून आमच्या केंद्रातही फरश्या रंगवल्या. तरी मुलं वाचत का नाहीत?

कारण फरशी वाचायला शिकवत नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मूल स्वतः करून, विचार करून शिकेल असं काम उभं केलं. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा राज्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि राज्यभरातले शिक्षक गाड्या करून कुमठ्याला जाऊ लागले. आयोवातल्या शेजाऱ्याच्या शेतासारखंच हे, आणि म्हणूनच कोणत्याही परिपत्रकापेक्षा त्याचा जोर मोठा होता.

पण एका दिवसाच्या भेटीत काय दिसतं? फरशीवर आखलेले तक्ते, साहित्याचे कोपरे, जमिनीवर गोलात बसलेली मुलं. शिक्षक मुलाच्या चुकीवर काय विचारतात, कोणत्या मुलाला आज कोणतं काम देतात आणि का देतात, आठवड्याच्या शेवटी आपसात कशावर बोलतात, हे त्या दिवशी दिसत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी ऑइलपेंटचे डबे आले, फोटो निघाले, आणि शिकवणं होतं तिथेच राहिलं. दोष पाहायला जाणाऱ्यांचा कमी, भेटीच्या आखणीचा जास्त.

भेट आखायची तर अशी: एका वेळी चारपेक्षा जास्त पाहुणे नकोत, दोन सलग दिवस, आणि प्रत्येकाने एकाच मुलावर लक्ष ठेवून त्याने काय केलं, शिक्षक त्याला काय म्हणाले हे लिहून काढायचं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपैकी एकाने तिथेच तास घ्यायचा. परतल्यावर १५ दिवसांच्या आत यजमान शिक्षकांपैकी कुणीतरी त्यांच्या वर्गात येऊन जायचं. फोटो काढायला बंदी घातली तरी चालेल.

प्रशिक्षण चांगलं झालं होतं. मग वर्गात काही का पोचलं नाही?

राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र अशा चार पायऱ्या मोजा. प्रत्येक पायरीवर ऐकलेल्यातलं ७० टक्के पुढे गेलं असं उदारपणे धरलं तरी चौथ्या पायरीवर उरतं २४ टक्के. हा केवळ हिशेब आहे, पण खरी अडचण आकड्यापलीकडची आहे. गळतं ते ‘कसं’ आणि ‘का’. ‘काय’ तेवढं शाबूत राहतं. पहिल्या पायरीवर सुलभकाने (प्रशिक्षण देणाऱ्याने) मुलांसोबत तास घेऊन दाखवलेला असतो, दुसरीवर त्याचा व्हिडिओ, तिसरीवर पीपीटी, आणि चौथीवर पीपीटीचं वाचन.

उपाय महाग नाही. प्रशिक्षणाचे पाच दिवस एकत्र न घेता दोन-एक-एक-एक असे सहा आठवड्यांच्या अंतराने घ्यावेत, आणि मधल्या काळात प्रत्येक शिक्षकाने एकच गोष्ट वर्गात करून, काय जमलं नाही ते घेऊन यावं. दर महिन्याची शिक्षण परिषद यासाठीच वापरता येते, तिचा बहुतेक वेळ माहिती भरण्याच्या सूचनांत गेला नाही तर.

सुरुवात कुणापासून करावी?

रॉजर्स यांची विभागणी अनेकांना तोंडपाठ असते: २.५ टक्के पुढाकार घेणारे, १३.५ लवकर स्वीकारणारे, ३४ आणि ३४ मधले, १६ मागे राहणारे. चाळीस शिक्षकांच्या केंद्रात हे साधारण एक, पाच, चौदा, चौदा आणि सहा असं बसेल. पण ही टक्केवारी म्हणजे स्वीकाराच्या काळाचा आलेख ठरावीक ठिकाणी कापून केलेले भाग आहेत. ‘पाटील सर त्या सोळा टक्क्यांतले’ असं म्हणायला ती नाही.

पहिला एकजण तसाही करणारच. तो नेहमी काहीतरी नवं करत असतो, आणि त्यामुळेच बाकीचे म्हणतात, ‘त्यांचं सोडा, त्यांना घरी काम नसतं.’ शोधायचे ते त्याच्या मागचे पाच. पुरस्कारांची यादी पाहून ते सापडत नाहीत. केंद्रातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: ‘वर्गात काही अडलं तर तुम्ही कुणाला फोन करता?’ जी दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा येतील, त्यांच्या वर्गापासून सुरू करा. त्यांच्यापैकी एखाद्या बाई दुशिक्षकी शाळेतल्या, दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या असतील तर फारच उत्तम. तिथे जमलं तर ‘आमच्याकडे नाही जमत’ म्हणायला कुणाला तोंड राहत नाही.

किती शाळांपासून, किती दिवस?

तीन शाळा, एक सत्र. जूनच्या अखेरीला प्रत्येक मुलाची पाच मिनिटांची तोंडी तपासणी: अक्षरं, शब्द, दोन वाक्यं. जुलैत पहिला गट. पहिले तीन महिने पंधरवड्यातून एकदा कुणीतरी वर्गात बसायला हवं, तपासायला नव्हे तर सोबत शिकवायला. दिवाळीच्या सुट्टीआधी तीच तपासणी पुन्हा. दुसऱ्या सत्रात या तीन शाळांनी प्रत्येकी दोन शाळा जोडून घ्यायच्या. घाई करून पहिल्याच वर्षी तालुका घेतला की सोबत करणारं माणूस पुरत नाही, आणि उरतो तो नुसता अहवाल.

दुसऱ्या राज्यांत असं काही मोठ्या प्रमाणावर जमलं आहे का?

कर्नाटकातल्या प्राथमिक शाळांच्या नली-कली या उपक्रमाकडे पाहावं. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यातले शिक्षक आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या शाळा पाहून आले. तिथली कार्डांची आणि शिडीची बहुवर्ग पद्धत (अनेक इयत्ता एकत्र, आणि प्रत्येक मूल कार्डांच्या ठरलेल्या क्रमाने आपल्या गतीने पुढे) त्यांनी जशीच्या तशी उचलली नाही. कन्नडसाठी कार्डं आणि गाणी स्वतः बसून तयार केली. रॉजर्स याला पुनर्रचना म्हणतात आणि तिला बिघाड मानत नाहीत. ज्यांनी स्वतःच्या हाताने बदल केला, ते ती गोष्ट सहसा टाकत नाहीत. पुढे ती राज्यभर गेली तेव्हा कार्डं तयार होऊन आली, आणि ती करताना शिक्षकांनी घातलेले वाद अर्थातच पेटीत घालून पाठवता आले नाहीत.

आणि न रुजल्याचं उदाहरण?

भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांचा बंगलोर प्रकल्प, १९७९ ते १९८४. दक्षिण भारतातल्या नेहमीच्या शाळांत इंग्रजी व्याकरणाच्या क्रमाने न शिकवता कामांतून शिकवायचं: रेल्वेचं वेळापत्रक वाचून कोणती गाडी धरावी ते ठरवा, नकाशावरून रस्ता सांगा. आधी शिक्षक वर्गासोबत तसंच एक काम मोठ्याने करून दाखवत, मग मुलं एकेकटी करत. कल्पना इतकी दमदार की कार्याधारित भाषाशिक्षणाची जगभरची चर्चा आजही तिथून सुरू होते.

पण संशोधक ॲलन बेरेटा यांनी नंतर तपासलं तेव्हा आढळलं की प्रकल्पासाठी बाहेरून आलेले, तयारीचे शिक्षक ती पद्धत सहज वापरत होते. शाळांतले नेहमीचे शिक्षक मात्र बहुतांशी सुरुवातीच्या पायरीवरच घोटाळत होते. या पद्धतीत मुलांशी आयत्या वेळी, ओघवत्या इंग्रजीत बोलावं लागतं. ज्या शिक्षकाला स्वतःच्या इंग्रजीची धास्ती आहे त्याच्यासाठी व्याकरणाचा धडा हा आधार असतो, आणि तोच काढून घेतला गेला. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा हाच धडा कामाला यायला हवा होता.

‘आम्ही हे आधीपासूनच करतो’ असं शिक्षक म्हणतात. काय उत्तर द्यावं?

उत्तर देऊच नका, ‘दाखवा ना’ म्हणा. कधी खरंच करत असतात. बहुतेकदा मात्र त्या वाक्याआड काळजी असते. टेक्सास विद्यापीठात जीन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात शिक्षकांच्या या काळज्यांवर काम केलं. आधी स्वतःची काळजी असते (मला जमेल का, हसं तर होणार नाही), मग कामाची (कार्डं कधी करू, चाळीस मुलं कशी सांभाळू), आणि शेवटी परिणामाची (मुलं खरंच शिकतायत का). पहिल्या काळजीतल्या माणसाला संशोधनाचे आकडे दाखवणं म्हणजे पोहायला घाबरणाऱ्याला पाण्याचं रासायनिक सूत्र सांगण्यासारखं. त्याच्यासोबत एक तास घ्या. दुसऱ्या काळजीतल्याला तयार कार्डांचा संच आणि वेळापत्रक द्या.

पालक म्हणतात, ‘नुसतं खेळवतात, बाराखडी कुठाय?’

त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यांना प्रगती मोजायची एवढीच खूण माहीत आहे. दुसरी खूण हाती द्या. ऑगस्टच्या पालकसभेत मुलांनी कधीच न पाहिलेली चार वाक्यं फळ्यावर लिहा, फक्त शिकवलेल्या गटांतली, आणि मुलांना वाचू द्या. वाक्य पालकांपैकीच कुणाला तरी सुचवायला सांगितलं तर पाठांतराचा संशय उरत नाही. वर्णमालेचा क्रमही जानेवारीच्या सुमारास गाण्यासारखा शिकवून टाका. शब्दकोश पाहायला तो लागतोच, आणि आजीला बरं वाटतं.

वरून आदेश आला तर काम सोपं होईल ना?

सुरुवात सोपी होते. मात्र आदेशाने जे येतं ते पुढच्या आदेशाने जातंही. आदेशाचा उपयोग जागा मोकळी करण्यापुरता करून घ्या: पाठटाचणाचा नमुना सैल करणं, पहिलीच्या आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनातून ‘बाराखडी लिहा’सारखे प्रश्न काढणं. चाचणी जुनी आणि पद्धत नवी असेल तर शिक्षक चाचणीसारखंच शिकवणार, आणि त्यांचं चुकत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप पुरेसा आहे का?

नाही. खबर पसरवायला तो उत्तम, करून बघायला प्रवृत्त करायला कमजोर. ग्रुपवर एकच नियम ठेवला तरी त्याचा दर्जा सुधारतो: आठवड्यातून एकदा, एका मुलाच्या लेखनाचा नमुना नाव झाकून टाकायचा आणि ‘याला पुढे काय द्यावं?’ एवढंच विचारायचं. शुभेच्छा दुसऱ्या ग्रुपवर.

प्रगती कशी मोजावी? मिनिटाला किती शब्द?

केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरतेच्या ‘निपुण भारत’ अभियानाच्या अपेक्षेप्रमाणे दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीत किमान ६०, तेही समजून. मोजा जरूर, पण मराठीची एक गोम लक्षात ठेवा. आपल्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. हिंदीत ‘घर के सामने वाले’ हे चार शब्द, मराठीत ‘घरासमोरच्या’ हा एकच, आणि लांब. त्यामुळे हिंदी मजकुराच्या वेगाशी मराठीची तुलना करू नये, आणि दोन चाचण्यांचे उतारे तरी एकाच जातीचे असावेत.

आकड्याबरोबर दोन प्रश्न विचारा: एक उताऱ्यात थेट असलेलं, एक तर्क करायला लावणारं. सत्तर शब्द धडाधड वाचून दुसऱ्या प्रश्नावर गप्प राहणारं मूल अजून वाचायला शिकलेलं नाही.

मुलांची घरची भाषा कोरकू, गोंडी किंवा पावरी असेल तर?

मग पहिल्या गटातले शब्दच बदलावे लागतात. ‘कलम’ किंवा ‘कमाल’ त्या मुलासाठी अर्थहीन आवाज असेल तर वर्णगटाचा सगळा फायदा गेला. गावातल्या एखाद्या ताईंसोबत बसून घरच्या भाषेतले, त्याच अक्षरांत बसणारे ३०-४० शब्द काढा. सुरुवातीचे काही महिने गोष्ट घरच्या भाषेत, मग दोन्हींत. अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलांनी लिहिताना आपला शब्द वापरला तर लाल शाईची गरज नाही.

चांगल्या शिक्षकाची बदली झाली की सगळं थांबतं. काय करावं?

बदली होणारच, असं धरूनच आखणी करा. एका शाळेत निदान दोघांना पद्धत यायला हवी. एकशिक्षकी शाळा असेल तर शेजारच्या शाळेशी जोडी. गटांचा क्रम, शब्दसूची, मुलांच्या नोंदी हे सगळं एका वहीत, शाळेच्या कपाटात. शिक्षकाच्या पिशवीत नको. आणि गेलेल्या शिक्षकाला विसरू नका. नव्या केंद्रात तो एकटा पडला तर पहिल्या सत्रात पद्धत सोडून देतो, दोन फोन झाले तर तिथे ती पेरतो.

एखादा प्रयोग सोडून कधी द्यावा?

दोन सत्रं मनापासून, सोबतीसह करूनही दोन्ही तपासण्यांत फरक नसेल तर. त्याआधी एकच खात्री करा: वर्गात खरोखर तेच चाललं होतं का, की फक्त कार्डं होती? गोष्टीची १५ मिनिटं चालू होती का? ती नसतील तर प्रयोग अजून झालेलाच नाही. ती असूनही मुलं अडली असतील तर गटांचा क्रम, शब्द, तासाची वेळ यांतलं एक बदलून आणखी एक सत्र द्या, आणि तरीही नाही जमलं तर दुसरं काही शोधा.